वेगळी चूल मांडलेलं पुस्तक

पहिल्याच सत्रात मला विभागप्रमुखांनी बोलावून घेतलं, आणि तेही झेरॉक्सवरून. वर्क परमिट हातात पडून जेमतेम काही महिने झाले होते. पुण्यात मी कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवायचे. इथं अमेरिकेत, ट्रॉयला नवऱ्याच्या नोकरीमागे आले, घरात बसून बसून वैतागले, आणि शेवटी जवळच्या कम्युनिटी कॉलेजात अर्धवेळ का होईना, पुन्हा वर्गासमोर उभी राहिले. तर वर्गात निम्म्या लोकांकडे पुस्तकच नाही. पुस्तक भलतंच महाग होतं, त्यांचा तरी काय दोष? मी सरळ सांगून टाकलं की लायब्ररीत एक प्रत आहे, ती घ्या, अख्खी झेरॉक्स मारा, स्पायरल करून आणा, विषय संपला. आमची सगळ्यांची पदवी अशीच तर झाली होती. वर्ग माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मी त्यांना कुणाचं तरी दुकान फोडायला सांगितलंय.

विभागप्रमुख म्हणजे उंच, शांत गृहस्थ. इतके सभ्य की रागावलेत की खूष आहेत, ते काही कळायचं नाही. त्यांनी मला कॉफी दिली, कॉपीराइटबद्दल काहीबाही बोलले, माझ्या उत्साहाचं कौतुक केलं. आपल्याला झापलं गेलंय, हे मला पार्किंग लॉटमध्ये गाडी सुरू करताना लक्षात आलं. नवऱ्याला सांगितलं तर तो पोट धरून हसला. मला काही हसू आलं नाही, मी आठवडाभर धुमसत होते.

पण त्याच गृहस्थांनी पुढच्या वर्षी मला पुन्हा बोलावलं आणि म्हणाले, असं एक पुस्तक करायचंय की ज्याची कुणीही खुशाल झेरॉक्स काढावी. आपणच शिक्षकांनी लिहायचं आणि इंटरनेटवर ठेवायचं. फुकट. ज्याला हवं त्यानं उतरवून घ्यावं, छापावं, वाटावं, बदलावंसुद्धा. मी विचारलं, बदलावं म्हणजे? माझं लिहिलेलं? मला न विचारता? ते म्हणाले, हो, मुद्दा तोच आहे. मला मुद्दा कळला नाही, पण मी हो म्हणाले. आयुष्यात कुणी मला पुस्तक लिहायला सांगितलं नव्हतं, खोटं कशाला बोलू.

संभाव्यतेची प्रकरणं माझ्याकडे आली. मी ती आपल्या पद्धतीनं लिहिली. व्याख्या, मग सोडवलेलं उदाहरण, मग आणखी एक सोडवलेलं उदाहरण, मग थोडं वाकडं उदाहरण, तेही सोडवलेलं. गणित हातातून जावं लागतं, नुसतं डोळ्यांखालून जाऊन भागत नाही, या मताची मी आहे. बाकीची प्रकरणं विभागप्रमुखांनी आणि कॅलिफोर्नियातल्या एका कॉलेजच्या प्राध्यापकांनी लिहिली. त्यांना मी कधी पाहिलं नाही, आमचा संबंध ईमेलपुरता. मग विभागाची मीटिंग झाली, पुढच्या सत्रापासून हेच पुस्तक लावायचं का यावर हात वर करायचे होते. मीही केला. विभागप्रमुख हसून म्हणाले, अर्धवेळ शिक्षकांना मत नसतं. म्हणजे पुस्तक लिहायला मी चालते आणि ते चांगलंय म्हणायला नाही? मी हात खाली घेतला आणि त्याच हातानं केस सारखे केले. पुस्तक मंजूर झालं.

त्या सत्रात माझ्या वर्गात एक बाई होत्या, वयानं माझ्याहून बऱ्याच मोठ्या. आपल्याकडे असत्या तर मी त्यांना मावशीच म्हटलं असतं. वीसेक वर्षं गाड्यांच्या सीट्स शिवायच्या कारखान्यात होत्या, कारखाना बंद झाला. आता नर्स व्हायचं ठरवलं होतं. नर्सिंगला अर्ज करायचा तर स्टॅटिस्टिक्स चांगल्या ग्रेडनं पास हवं, आणि कारखाना गेलेल्यांना शिकायला जी सरकारी मदत मिळते ती त्यांची उन्हाळ्यात संपणार होती. म्हणजे एकच डाव. हे सगळं त्यांनी मला पहिल्या दिवशीच सांगून टाकलं, आणि वर म्हणाल्या की शाळेत असल्यापासून गणित बघितलं की त्यांना मळमळतं.

आणि बघा गंमत. त्यांना पुस्तकासाठी मदत मिळायची, पण ती कॉलेजच्या दुकानातच वापरता यायची. दुकानात आमचं पुस्तक नव्हतं, कारण ते फुकट होतं. महागडं पुस्तक असतं तर त्यांना बसल्या जागी मिळालं असतं! घरी इंटरनेट नाही, लायब्ररीच्या कॉम्प्युटरवर तास भरला की उठावं लागायचं. मी दुकानात गेले, मदतीच्या खिडकीशी गेले, सगळ्यांनी माझं शांतपणे ऐकून घेतलं आणि सगळ्यांनी नकारार्थी मान हलवली. फुकट वस्तू गरिबाला द्यायची सोयच नाही, हे मी नवऱ्याला तावातावानं सांगत होते आणि तो घरच्या प्रिंटरमध्ये शाई किती उरलीय ते बघत होता. शेवटी मीच सगळं छापलं, स्पायरल केलं आणि त्यांच्या हातात दिलं. त्यांनी त्याला पुढूनमागून प्लास्टिकचं कव्हर घातलं.

पुढे खरा घोळ सुरू झाला. एके दिवशी वर्गात मी पडद्यावर माझं प्रकरण उघडलं, तर ते माझं नव्हतंच. व्याख्या तीच, पण सोडवलेली उदाहरणं गायब. त्यांच्या जागी प्रश्न, नुसतेच प्रश्न, खाली उत्तर नाही. कॅलिफोर्नियाच्या सरांनी रात्रीत बदल केले होते. मेलही आली होती, फारच छान काम, मी थोडीशी डागडुजी केली आहे, विद्यार्थ्यांनी उत्तर स्वतः शोधावं असं मला वाटतं. डागडुजी? घराच्या भिंती पाडल्या की! मी उदाहरणं परत घातली. त्यांनी पुन्हा काढली आणि पुन्हा तितकीच गोड मेल पाठवली. असं दोन-तीनदा झालं. भांडायचं तर समोरच्यानं आवाज तरी चढवायला हवा ना. इथं मी एकटीच चिडत होते, आणि मग वाटायचं, त्यांचंही बरोबर असेल तर?

दरम्यान वर्गाचं वाटोळं व्हायला लागलं. कुणाकडे आधीचं पान, कुणाकडे मधलं, कुणाकडे कालचं. मी पान सांगितलं की वेगवेगळी पानं उघडायची. त्या बाई तासानंतर थांबल्या. त्यांच्या मांडीवर ती स्पायरलची प्रत, आणि डोळ्यांत पाणी.

त्या म्हणाल्या, "प्रोफेसर, परीक्षा एकच आहे ना? मग माझं पुस्तक कुठलं, हे मला कुणीतरी सांगा."

मी तशीच विभागप्रमुखांकडे गेले आणि काय काय बोलले ते बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले की दोन्ही बरोबर आहेत, तेच तर या पुस्तकाचं सौंदर्य. मी म्हटलं, सौंदर्य नंतर बघू, माझी एक विद्यार्थिनी बुडतेय. मग त्यांनी मला काय सुचवावं? म्हणाले, तुम्ही तुमची प्रत वेगळी काढा, तिला तुमचं नाव द्या, ती बदलू नका. त्यांची त्यांच्याकडे राहील, तुमची तुमच्याकडे. म्हणजे आपल्याकडे भाऊ-भाऊ वेगळी चूल मांडतात तसं, फक्त आधी रीतसर कडाक्याचं भांडण होतं, ते इथं नाही. माझा विश्वास बसेना. मी कॅलिफोर्नियाला घाबरत घाबरत मेल लिहिली. तिकडून उत्तर आलं, उत्तम कल्पना, अभिनंदन. मला तर वाईटच वाटलं. एवढ्या सहज कुणी वेगळं होतं का?

पण त्या बाईंच्या मांडीवरची प्रत म्हणजेच पुस्तक, हे एकदाचं ठरलं. वर्गात मी जाहीर केलं आणि कॉम्प्युटर बंद केला. त्या दर आठवड्याला माझ्याकडे यायच्या, एकेक उदाहरण झाकून सोडवायच्या, चुकलं की पहिल्यापासून. अशा शिकणाऱ्या बाईवर मी बऱ्याचदा आवाज चढवला, त्यांनी एकदाही मनावर घेतलं नाही. माझ्यासारख्या तापट बाईला असा विद्यार्थी मिळणं म्हणजे नशीबच. अंतिम परीक्षेत त्यांना 'बी' मिळाला. नर्सिंगला जेवढं हवं होतं त्याहून चांगला.

मला राहवेना. मी आपल्या भारतीय दुकानातून पेढ्यांचा बॉक्स आणला आणि ग्रेड कळल्यावर त्या ऑफिसात आल्या तेव्हा त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी विचारलं, हे काय? मी सांगितलं, आमच्याकडे जो पास होतो तो सगळ्यांना पेढे वाटतो, तुम्हाला माहीत नसणार म्हणून मीच आणले. मग मी विचारलं की नर्सिंगचे वर्ग कधी सुरू होणार.

त्या म्हणाल्या, "आत्ताच विचारून आले. वेटिंग लिस्ट आहे. दोन वर्षं तरी."

मला आधी कळलंच नाही. म्हटलं, पण ग्रेड? मदत उन्हाळ्यात संपतेय ना? त्या म्हणाल्या, हो, संपतेय. ग्रेड चांगली आहे, नाव लिस्टवर घातलंय, अर्ज करणारे सगळेच चांगले आहेत. मला भयंकर राग आला, आणि कुणावर काढावा तेच कळेना. कॅलिफोर्नियाच्या सरांवर? दुकानावर? विभागप्रमुखांवर? सगळे भलेच होते, सगळ्यांनी आपापलं काम नीट केलं होतं. मग आम्ही दोघी एवढ्या कशासाठी धावलो? मी असंच काहीतरी बोलून गेले असेन. त्यांनी माझा हात थोपटला, म्हणजे माझीच समजूत त्यांना घालावी लागली, बघा.

मग त्यांनी बॉक्स उचलला. आमच्या ऑफिसात असलेल्या सगळ्यांना एकेक पेढा दिला, मी पास झाले, असं प्रत्येकाला सांगितलं, आणि कॉरिडॉरमधून चालत निघाल्या. मीही मागे गेले, का ते मला माहीत नाही. नर्सिंगच्या खिडकीशी त्या थांबल्या, बॉक्स आत सरकवला, आणि जिनं थोड्याच वेळापूर्वी त्यांना दोन वर्षं थांबायला सांगितलं होतं त्या आतल्या बाईला म्हणाल्या, घ्या, मी स्टॅटिस्टिक्स पास झाले.