रंग न धरणारी जागा

लॉन्ड्रीत तिला सगळे तडतडी म्हणत. तापल्या तेलात मोहरी पडावी तसं तिचं बोलणं. मागच्या खोलीत वाफेच्या इस्त्रीयंत्रावर ती उभी असायची. उभं राहून गुडघ्यांचं पार वाटोळं झालं होतं, वाफेनं छाती भरून यायची. म्हणून पुढं काउंटरवर बसणारी बाई काम सोडून गेली, तशी तिनं मालकाला गाठलं.

"मला बाहेर बसवा. पावत्या फाडता येतात. आणि कुणाची चादर कुठली, ते मी गिऱ्हाइकापेक्षा चांगलं सांगते."

मालक तिच्या डाव्या हाताकडे बघत म्हणाला, "मावशी, काउंटरवर आधी हात दिसतो. लोक बघून तोंड फिरवतील. त्याचं काहीतरी करा, मग बघू."

मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचा पांढुरका, चुरगळलेला पट्टा होता. तो ह्याच मालकाच्या यंत्राचा. यंत्राच्या तोंडाशी एक दांडी असते. हात आत गेला की ती दबते आणि वरचं झाकण जागीच थांबतं. दांडी बिघडली तेव्हा काम अडायला नको म्हणून मालकानं ती तारेनं आवळून टाकली. मग एक दिवस तिचा हात आत गेला आणि झाकण थांबलं नाही. हात मात्र थांबला, कितीतरी दिवस.

तरी ती राग गिळून घरी आली. गुडघे बोलायला लागले की रागाला गप्प बसावं लागतं. लांब बाही घातली तर तिथली कातडी घासून सोलवटायची. धाकटी जाऊ म्हणाली, "ताई, मेंदी काढा. नक्षीत पट्टा कुठं हरवला, कळणार नाही."

तडतडीनं जन्मात मेंदी लावली नव्हती. पांढऱ्या चादरींत हात घालणारीला रंग म्हणजे वैरी. पण बसली. मेंदी वस्त्रगाळ केली, लिंबू पिळून भिजवली, दुधाच्या पिशवीचा कोन वळला. पहिल्याच दाबाला कोन मागून फुटला आणि सगळा चिखल मांडीवर.

"कोन आहे तो, टूथपेस्ट नाही," जाऊ म्हणाली. दुसरा कोन चालला, पण रेघ काही सरळ येईना.

"ताई, ही वेल की गांडुळं?"

"गांडुळंच. तू गप."

सकाळी वाळलेली मेंदी खरवडली आणि दोघी बघतच राहिल्या. भाजल्या कातडीनं रंग धरलाच नव्हता. आजूबाजूला लालभडक वेली, आणि मधोमध तो पट्टा, आखून दिल्यासारखा पांढरा.

"हे तर उलटंच झालं," जाऊ हळूच म्हणाली. "आता रस्त्यावरनंसुद्धा दिसेल."

तडतडी हाताकडे बघत होती. "करणी मालकाची," ती म्हणाली, "आणि झाकत कोण बसलंय? मी. लिंबू पिळून."

त्या दिवशी ती मागच्या खोलीत गेलीच नाही. सरळ काउंटरच्या स्टुलावर बसली आणि हात पुढं फळीवर ठेवला. पडदे न्यायला आलेल्या शिंपीणबाई हात बघून म्हणाल्या, "अगं, मेंदी मध्येच का सोडलीस?"

"सोडली नाही. तेवढ्या जागेवर मालकांनी आधीच काढून ठेवलीय." मग तिनं दांडी, तार, झाकण, सगळं सांगितलं.

मालक मागून आला. "गिऱ्हाइकापुढं काय लावलंय हे? आत जा."

"कशाला? दुसरा हात द्यायला?"

"मावशी, तोंड आवरा."

"विचारलं ते सांगितलं. उद्या दुसरं कुणी विचारेल, त्यालाही सांगेन. नको असेल तर काढून टाका कामावरनं. मग बाहेर फुटपाथवर उभी राहून सांगेन."

शिंपीणबाईंनी पडदे उचलले नाहीत. त्यांनी आतल्या दाराकडे बघितलं. "आणि आत्ता त्या यंत्रावर कोण आहे?"

आत एक नवी पोरगी होती. मालकानं खिशातनं फोन काढला आणि मिस्त्रीला बोलावलं. मग तडतडीकडे न बघता म्हणाला, "बसा इथंच."

मिस्त्री आला. समोरच्या टपरीवरनं आलेला चहा फळीवर ठेवून आत गेला, आणि चहा निवायच्या आत तार हातात घेऊन बाहेर आला.

"झालं?" तडतडीनं विचारलं.

"झालं की. एक स्प्रिंग तुटली होती."

"एवढंच?"

"एवढंच."

काउंटर मिळाल्याचं बरं वाटायला हवं होतं, पण तिच्या कानशिलाची शीर उडायला लागली. मिस्त्रीनं कप उचलला. "मावशी, अर्धा घ्या की."

"मालकालाच पाजा," ती म्हणाली, आणि पडद्यांची पावती अशी फाडली की मागच्या दोन कोऱ्या पावत्याही बरोबर निघाल्या.