शालूने थांबवलेलं जावळ

शालूला, माझ्या बायकोला, जाऊन दीड महिना झाला. शेवटच्या सकाळी रक्त घ्यायला आलेल्या नर्सला म्हणाली, "घे गं, पाहिजे तेवढं घे. रक्ताला मी भीत नाही." दुपारी फोन आला, गेली म्हणून... खरंच भीत नव्हती ती. मला लिहिता फार येत नाही, पण सून म्हणाली, "बाबा, सगळं लिहा. लपवू नका." म्हणून लिहितो.

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. सून मनीषा पहिलटकरीण होती. गरोदरपणाच्या तपासणीत तिला एचआयव्ही निघाला. मग आमच्या मुलाचं, विनोदचं रक्त तपासलं, त्यालाही. घाटकोपरच्या आमच्या चाळीत कुजबुज सुरू, कोणी कोणाला दिला? शालू दारात उभी राहून म्हणाली, "गोळ्या दोघांना आहेत, ताटं दोघांची माझ्या घरात आहेत. आणखी काय पाहिजे?"

नात झाली, चिऊ. तिचं पक्कं दीड वर्षानंतर कळेल, असं दवाखान्यातल्या बाईंनी बजावलं होतं. विनोदला धीर धरवेना. आठ महिन्यांच्या पोरीला नाक्यावरच्या लॅबमध्ये घेऊन गेला. पॉझिटिव्ह! "वाट लागली, आई," म्हणत उंबऱ्यातच बसला. मनीषाने पोरीला मांडीवरून खाली ठेवलं, पुन्हा घेईनाच... शालू रिपोर्ट घेऊन तडक दवाखान्यात गेली. आली ती हसत.

"अरे येड्या, ही टेस्ट रोग नाही बघत. रोगाशी लढायला अंगात जे तयार होतं, ते बघते. ते पोरीने आईच्या पोटातून आणलंय, जावळासारखं! जावळ काय जन्मभर ठेवतात?"

"आणि नाही गेलं तर?" मनीषाने विचारलं.

"तर तिलाही गोळ्या देऊ. आधी उचल तिला."

शेजारणी विचारायच्या, "पोरीचं जावळ कधी काढताय?" शालू म्हणायची, "दोन्ही एकदमच काढू." दुसरं काय, ते कोणाला कळायचं नाही.

चिऊ दीड वर्षाची झाली, पक्का रिपोर्ट आला. निगेटिव्ह! शालूने न्हाव्याला जिन्यातून ओढतच आणलं, चिऊला मामाच्या मांडीवर बसवलं. पोरगी बोंबलतेय, बायका हसतायत, आणि शालू ताटात केस झेलत नाचतेय! साठीची बाई... मीही नाचलो.

चिऊ आता तिसरीत आहे. जेवणं झाली की शालू विनोद-मनीषाला हाक मारायची, "राजा-राणी, गोळ्या!" तेराव्याला पाहुणे गेले, ताटं उचलली. तेवढ्यात चिऊ कमरेवर हात ठेवून ओरडली, "राजा-राणी, गोळ्या!" तोच आवाज, तोच दम. दोघं मुकाट उठले. मग माझ्याकडे वळली, "आजोबा, तुमची बीपीची?"

घेतली. हिंमत आहे का न घ्यायची?