पप्पांच्या म्हशीवर माझी शिफ्ट

माझ्या वडिलांकडे चार एकर कांदा, एक ट्रॅक्टर आणि चंद्री नावाची एक म्हैस आहे. हे सगळं आमच्या जुन्या फोनमध्ये आहे.

पप्पा मूळचे धुळ्याकडचे. तरुणपणी सिल्वासात आले आणि खडोलीच्या एका धाग्याच्या कंपनीत लागले. पन्नाशीनंतर माणूस देवाधर्माकडे वळतो असं आई म्हणते. पप्पा शेतीच्या गेमकडे वळले. आमच्या बिल्डिंगमधले निम्मे बाप्ये हा गेम खेळतात आणि जिन्यात भेटले की एकमेकांना पीकपाणी विचारतात. चंद्री मिळवायला पप्पांनी अख्खा उन्हाळा घालवला होता. मला हे फार पोरकट वाटायचं. (मनातल्या मनात. तोंडावर मी कोणालाच काही म्हणत नाही.)

अडचण एकच होती. कंपनीत फोन गेटवर जमा करावा लागतो, म्हणजे सकाळपासून संध्याकाळपर्यंत शेत उघडं! आईने साफ नकार दिला. “मी दोन खऱ्या माणसांना जेवू घालते, तेवढं पुष्कळ,” ती म्हणाली. मग पप्पा माझ्याकडे वळले.

“इंग्लिश मीडियमला घातलं ते कशासाठी, माय? सगळ्या सूचना इंग्लिशमध्येच येतात.”

आणि कंपनीत देतात तसा त्यांनी मला रीतसर चार्ज दिला. दारात उभं राहून, डबा हातात धरून. काय झालंय, काय बाकी आहे, कशावर लक्ष ठेवायचं. कांदा दुपारी निघेल, चंद्रीला पाणी दाखव, बाकी कशाला हात लावू नको. मी मान हलवली.

आता माझ्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. रिक्षा आमच्या बिल्डिंगवरून पुढे निघून गेली, तरी मला ‘थांबा’ म्हणवत नाही. ती थांबेल तिथे मी उतरते आणि चालत परत येते.

तर, पप्पा गेले आणि पडद्यावर तळमजल्यावरच्या भरतभाईंचा निरोप आला. त्यांना थोडा कांदा हवा होता. खाली दोन बटणं: एक देण्याचं, एक नाकारण्याचं. भरतभाई रोज जिन्यात “केम छे, बेटा?” विचारतात. नाकारणार कसं? दिला.

उदार माणूस ड्युटीवर आहे ही बातमी कशी पसरली कोण जाणे. वरच्या मजल्यावरून चाऱ्याची मागणी आली. दिला. समोरच्या विंगला बियाणं हवं होतं. दिलं. भरतभाईंनी ट्रॅक्टर मागितला, तोही गेला. मग त्यांनी चंद्री मागितली. मी बराच वेळ बटणाकडे बघत बसले. पण ट्रॅक्टर देऊन म्हैस नाकारायची, हे मला उद्धटपणाचं वाटलं! सनई वाजली, वरून फुलं पडली आणि चंद्री शेपूट हलवत चालू लागली. जाताना तिने एकदा मागे वळून बघितलं.

तेव्हा कुठे मला घाम फुटला. पप्पांची बस यायच्या आत म्हैस परत आणायला हवी होती. जिन्यात मी वाक्याची तीन भाषांत तालीम केली. दार उघडलं तेव्हा भरतभाई बनियनवर होते.

“अंकल, ती म्हैस...” मी म्हटलं.

“आपेली भेट पाछी न लेवाय, बेटा,” दिलेली भेट परत घ्यायची नसते, असं ते मायेने म्हणाले आणि त्यांनी मला आत बसवून गूळ-तुपाची सुखडी दिली. मी सुखडी खाल्ली, थँक यू म्हटलं आणि वर आले.

पप्पा आले. दारातच विचारलं, “सगळं ओके?”

“ओके,” मी म्हटलं.

त्यांनी फोन उघडला. बूट न काढता ते तसेच खाली बसले. मी कबुली दिली. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, “जाऊ दे. खेळच आहे.” आणि त्यांच्या चहावर साय धरली.

ती साय आईने बघितली. तिने पदर खोचला, फोन उचलला आणि खाली गेली. जिन्यातून तिचा आवाज वर आला.

“पोरगी भोळी आहे म्हणून तुम्ही आमचं जनावर हाकून न्याल, भरतभाई?”

थोड्या वेळाने ती वर आली आणि तिने फोन पप्पांच्या हातात ठेवला.

“घ्या. दूध काढून मगच सोडली मेल्याने. बघा किती वाळली बिचारी.”

तेव्हापासून दुपारची शिफ्ट आईकडे आहे. ती एकालाही काडी देत नाही.

मी अजून सकाळी असते. परवा मी चंद्रीला पाणी दाखवत होते, तेवढ्यात बेल वाजली. दारात भरतभाईंची बायको, जयाबेन, वाटी घेऊन उभी. “बे कांदा आप ने, बेटा.” तिला भाजीला दोन कांदे हवे होते. मला कळायच्या आत माझ्या तोंडून गेलं, “आधी ट्रॅक्टर परत करा.”

आयुष्यात पहिल्यांदाच मी कोणाला तरी अडवलं होतं! जयाबेन हसत हसत पायरीवरच बसली. मी मात्र इतकी शरमले की टोपलीतले सगळे कांदे तिच्या पदरात ओतले.

संध्याकाळी आमच्याकडे बिनकांद्याचे पोहे झाले. फोनमध्ये चार एकर कांदा उभा होता.