काचघरातली दुपार

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये अक्कांनी उभी हयात लोकांचे आवाज एकमेकांशी जोडण्यात घालवली. निवृत्त झाल्यावर धाकट्या भावाने त्यांना आपल्या काचघरात नेलं. “आता जरा न बोलणाऱ्यांची सोबत कर,” तो म्हणाला. आत टोमॅटो, मिरची, झेंडूची बोटभर रोपं होती. अक्का तिथे रमल्या त्या कायमच्याच. भावजय मात्र दारातूनच नाक मुरडायची. “त्या भट्टीत मी नाही बाई पाय ठेवणार!”

ऊन चढायच्या आत अक्का छपराच्या झडपा उघडायच्या, बाजूचे पडदे गुंडाळायच्या, पालथा हात मातीला लावून बघायच्या. दुपारी पंखा घरघरू लागला की काचघराचं तळं व्हायचं. हिरवट उजेड हलायचा. बाकावर बसल्या बसल्या अक्कांचा डोळा लागायचा आणि वाटायचं, रोपं हलक्या आवाजात म्हणताहेत, आम्हाला जरा अमक्याशी जोडून द्या.

त्या दिवशी भाऊ गिऱ्हाइकांकडे रोपं पोचवायला बाहेर गेला होता. अक्कांच्या स्वप्नात सगळं एकदम गप्प झालं. इतकी गोड शांतता, की त्या तिच्यात बुडतच गेल्या. मग कपाळावरचा घाम डोळ्यात उतरून झोंबला. त्या दचकून उठल्या. पंखा बंद! वीज गेली होती, बाहेर पान हलत नव्हतं आणि रोपांनी माना टाकल्या होत्या.

“अगं, धाव!” त्यांनी हाक मारली.

भावजय धावत आली, उंबऱ्याशी अडखळली आणि आत शिरली. “रोपांवर पाणी ओतू का?”

“रोपांवर नको, वाटेवर मार. जमीन भिजली की हवा निवेल. पांढऱ्या चादरी आहेत घरात?”

“पाहुण्यांसाठी ठेवल्यात.”

“मग आण. यांच्याहून नाजूक पाहुणे कोण येणार आहेत?”

शिडी अक्कांनी धरली, वर भावजय चढली. चादरी काचेवर पसरून टोकं दोरीने बांधली. आतला उजेड दुधासारखा मऊ झाला, ओल्या मातीचा गारवा घोट्यांपर्यंत आला. भावजय वाटेवरच बसली. “किती छान वाटतं हो इथे,” कुणी झोपलं असावं तशी ती हळूच म्हणाली.

अक्कांचे डोळे भरले. “मी जागी असते तर…”

“तर वीज गेली नसती होय?”

ऊन उतरलं तशी रोपं एकेक करून सावरली. पश्चिमेच्या काचेलगतची मिरची मात्र गेली ती गेलीच. संध्याकाळी भावाने छपराकडे पाहिलं आणि सकाळी सावलीची जाळी, शेडनेट, घेऊन आला.

मिरचीचं नवं बी दोघींनी मिळून ट्रेमध्ये टाकलं, काचेपासून चांगलं लांब. मग भावजय रोज दुपारी येऊन ट्रेवर वाकायची, काही दिसलं नाही की अक्कांकडे बघायची. अक्का नुसत्या हसायच्या.

एका सकाळी अक्का चहा घेत होत्या, तोच ती मातीच्या हातांनीच धावत आली.

“अक्का, चला लवकर! आलं!”