परत मिळालेलं धाकटेपण

दवाखान्याच्या काउंटरवरच्या मुलीने नाव लिहून घेतलं, पत्ता लिहून घेतला आणि मान वर न करता विचारलं, "उमर?" आठवत नव्हतं असं नाही. थोरल्या बहिणीचं वय मला पाठ आहे. माझ्या वयात चार मिळवले की झालं. पण तो आकडा चारचौघांत उच्चारायचा नाही, अशी जिभेला तेवीस वर्षं सवय लागली होती. ती सुटून नऊ वर्षं झाली, तरी घाईच्या वेळी अजून आडवी येते. शेजारी चाकाच्या खुर्चीत बसलेल्या ताईने ऑक्सिजनचा मास्क बोटाने जरासा बाजूला केला. "तिहत्तर," ती म्हणाली. "लिखो बेटा. पूरे तिहत्तर." मग माझ्याकडे बघून हसली... श्वास पुरेल तेवढंच. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. त्याला आता सहा आठवडे झाले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाचं निमंत्रण तयार करताना तिच्या मुलाने, मिलिंदने, मला विचारलं, "मावशी, आईचं वय घालायचं ना?" मी म्हटलं, घाल, आणि आकड्यात नको, अक्षरांत घाल.

आम्ही मूळचे नांदेडचे. वडील शाळेत शिक्षक, आई दिवसभर घरकामात, त्यामुळे मला वाढवण्याचं बरंचसं काम ताईकडेच होतं. शनिवारी कवायतीला पांढरे कॅनव्हासचे बूट लागत. ती आदल्या संध्याकाळी त्यांना ओला खडू फासून उंबऱ्यावर वाळत ठेवायची आणि सकाळी माझ्यासमोर उकिडवी बसून नाड्या बांधायची. मला आठव्या वर्षीच नाडी बांधता यायला लागली होती. मी ते कुणाला सांगितलं नाही. ती मॅट्रिक होईपर्यंत मी पाय पुढे करून बसत राहिले. वयाच्या बाबतीत आमच्या घरातली पहिली लबाडी माझी, हे आधीच कबूल केलेलं बरं.

लग्न होऊन ताई हैदराबादला आली. भाऊजी रेल्वेत होते. बरकतपुऱ्यातल्या एका इमारतीत तळमजल्यावर त्यांचं घर होतं. ती एक्केचाळीस वर्षांची असताना भाऊजी अचानक गेले आणि पदरात चौदा वर्षांचा मिलिंद. नांदेडला परत ये, असं सगळे म्हणत होते. तिने एक कोर्स केला, पुढच्या खोलीत मोठा आरसा लावला, मागेपुढे कलणारी, वर-खाली होणारी एक खुर्ची आणली आणि ब्युटी पार्लर उघडलं. त्याच वर्षी मला इथल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात नोकरी लागली. बरकतपुरा तिथून जवळ, म्हणून मी ताईच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायला आले. मी तेव्हा सदतिसाची. केस तिशीतच पांढरे झालेले, जाड चष्मा, सुती साड्या. ताई उंच, नितळ, गालाला खळी.

मी राहायला आले त्याच आठवड्यातली गोष्ट. समोरच्या पद्मागारू, म्हणजे आपल्याकडच्या पद्माबाई, भुवया करून घ्यायला खुर्चीत बसल्या होत्या. मी पिशवी घेऊन आत शिरले तशा त्या आरशातूनच मला न्याहाळत म्हणाल्या, "कमल, ये तुमारी बडी बहन हैं क्या?" ताईच्या हातात दोरा होता, दातांत त्याचं टोक. तिने माझ्याकडे पाहिलं, डोळे मिचकावले आणि म्हणाली, "हौ."

आम्ही रात्री जेवताना त्यावर पोट धरून हसलो. चार दिवसांनी दुसऱ्या एका बाईने तेच विचारलं, तेव्हा ताई हसली नाही. पुढच्या महिन्यात तिने मला म्हटलं, "सुजे, दुकानात मला ताई म्हणू नकोस गं. घरात म्हण." पण दुकान आणि घर यांच्यामध्ये एक पडदाच होता. मग मी घरातही म्हणेनाशी झाले. माझ्या बहिणीला मी नावाने हाक मारू लागले, आणि पहिल्यांदा 'कमल' म्हणताना मला एखाद्या परक्या बाईच्या खांद्यावर हात ठेवल्यासारखं वाटलं.

तिला दोष द्यावा असं मला तेव्हाही वाटलं नाही. दुकानावर पाटी लहान होती. खरी पाटी तिचा चेहरा. बायका खुर्चीत बसल्यावर आधी आरशात तिला बघायच्या, मग स्वतःला. "तुम्ही काय लावता?" हा प्रश्न रोज यायचा. सुरुवातीला ती वय चौतीस सांगायची. चौतीस वर्षांची बाई अशी दिसते म्हणून कुणी आलं नसतं, पण हळूहळू ती चाळिशीची झाली, पंचेचाळिशीची झाली, नेहमी खऱ्या वयाच्या सात वर्षं मागे राहून, आणि त्या मानाने ती फारच तरुण दिसते असं सगळे म्हणत राहिले. आमच्या इमारतीचे सेक्रेटरी मिशीला काळा रंग लावायचे आणि त्याचे डाग रुमालावर घेऊन हिंडायचे. त्यांचं वय कुणी विचारत नव्हतं. ताईला मात्र रोज विचारत, आणि रोज पास व्हावं लागे.

त्यासाठी तिने काय काय केलं, ते मी वरच्या मजल्यावरून पाहत होते. दर रविवारी सकाळी मागच्या खोलीला कडी लावून ती केस रंगवायची. रंगाने कपाळाच्या कडेला पुरळ उठायचं, त्यावर पावडर. चाळिशीचा चष्मा तिने घेतलाच नाही. क्रीमच्या बाटल्या झाकणाच्या रंगावरून ओळखायची, आणि औषधांवरचं बारीक छापील, बँकेची पत्रं, मिलिंदच्या कॉलेजचे फॉर्म वर आणून द्यायची. "तू वाच, तुझं कामच आहे ते." गुडघे दुखायचे, पण जिना चढताना कठडा धरायची नाही. नांदेडचे नातेवाईक आले की त्यांची सोय माझ्याकडे. त्यांच्यापैकी कुणी तिला 'ताई' म्हणत पार्लरमध्ये शिरू नये म्हणून. नात झाली तेव्हा तिने तिला 'आजी' म्हणायला शिकवलं नाही. ईशा तिला 'कम्मू' म्हणायची.

माझं काय गेलं, हे मला उशिरा कळलं. आधी वडील गेले, मग आई. आई गेल्यावर मी नांदेडहून परतले आणि लक्षात आलं, की ज्याच्यापुढे मी लहान आहे असं जगात आता एकच माणूस उरलं आहे, आणि तेही चारचौघांत माझ्याहून लहान आहे. मिलिंदच्या लग्नाची बोलणी झाली तेव्हा मुलीकडच्यांनी थोरली म्हणून मला पुढे बसवलं. मानाची साडी मला. मी ती नेसले. ताईने माझ्या निऱ्या नीट केल्या... नजर वर न करता.

मी साठ वर्षांची झाले, निवृत्त झाले, तेव्हा मिलिंदने इमारतीच्या गच्चीवर कार्यक्रम ठेवला. ग्रंथालयातली माणसं आली, पार्लरच्या बायका आल्या. बुद्धवंदना झाली. मला झेंडूच्या माळा लावलेल्या खुर्चीत बसवलं होतं. मग मिलिंदच म्हणाला, आता लहानांनी मावशीच्या पाया पडायचं. तो पडला, सून पडली, ईशा दोनदा पडली. पार्लरच्या दोघीतिघी तरुण मुली पडल्या. आणि पद्मागारूंनी ताईच्या पाठीवर हात ठेवून तिला पुढे केलं. "जाओ कमल, तुम भी. बडी बहन है."

ताई पोपटी साडीत होती. चौसष्ट वर्षांची, त्या दिवशी सत्तावन्न. ती माझ्यासमोर आली, एक क्षण थांबली आणि वाकू लागली. मी पाय वर घेतले. विचार करून नव्हे. लहान मुलाने घ्यावेत तसे दोन्ही पाय उचलून खुर्चीवर घेतले. लोक हसले, मावशी लाजली म्हणून. ताई तशीच खाली गुडघ्यावर आली होती. तिथे, माझ्या चपलांसमोर... ज्या जागी ती शनिवारी सकाळी बसायची, बरोबर त्या जागी. हळूच म्हणाली, "सुजे, पाय खाली घे. लोकं बघतायत."

मी म्हटलं, "ताई, नको."

तेवीस वर्षांनी तो शब्द तोंडातून निघाला होता आणि मी तो हळू म्हणू शकले नाही. पद्मागारूंचं सगळं आयुष्य मराठी शेजारात गेलेलं. त्या पुढे वाकून म्हणाल्या, "ताई बोले तो अक्का ना?"

मी ताईकडे पाहिलं. आता ती काय म्हणते यावर तिचं दुकान अवलंबून होतं, तिचा चेहरा होता, आणि माझंही काहीतरी होतं. तिने माझ्या खुर्चीचा हात घट्ट धरला होता. ओठावर घामाचे थेंब आले होते. ती हसण्यावारी नेईल, असंच मला वाटलं. तिला ते सहज जमायचं.

"हौ," ती म्हणाली. "अक्का मैंइच हूं. चौसठ पूरे हुए. अब पकडके उठाओ मेरेकू, घुटना अटक गया."

मग पद्मागारूंनी एका बाजूने आणि मी दुसऱ्या बाजूने तिला उठवलं. मी तिला माळा लावलेल्या खुर्चीत बसवलं आणि तिच्या पायांवर डोकं ठेवलं. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला, तो बराच वेळ काढला नाही. वरून तिचा सुस्कारा ऐकू आला. जड पिशवी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर ठेवताना माणूस सोडतो, तसला.

काही बायका यायच्या बंद झाल्या. पुढच्या गल्लीत काचेच्या दाराचं नवं सलून उघडलं होतं, तिकडे गेल्या. पद्मागारू तीन आठवडे आल्या नाहीत. ताईने फोन केला नाही, पण दारावरची बेल वाजली की आरशातून आधी दाराकडे पाहायची. शेवटी त्या आल्या, खुर्चीत बसल्या आणि भडकून म्हणाल्या, "तेईस साल तुमकू नाम लेके बुलाई मैं. दो साल बडे हैं तुम मेरे से." राग वयाचा नव्हता, अक्का म्हणायचं राहून गेलं याचा होता. ताईने त्यांच्या केसांना तेल लावलं आणि निमूट ऐकून घेतलं. त्या दिवसापासून पद्मागारूंनी तिला नावाने हाक मारली नाही.

ताईने केस रंगवणं सोडलं. सहा महिने ते दोन रंगांचे होते, खालून काळे, वरून पांढरे. मिलिंद म्हणायचा, आई, अर्ध्यात रंगारी पळून गेल्यासारखं दिसतंय. ती म्हणायची, पळाला तेच बरं झालं. तिने चष्मा घेतला, गळ्यात दोरी लावून. पहिल्या दिवशी तो लावून आरशासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "अगं, आरसा किती घाण आहे हा! इतकी वर्षं कुणी सांगितलं नाही मला." ईशा तिला आजी म्हणू लागली, मात्र लाडात आली की कम्मूच. जिन्यात ताई कठडा धरून, मध्ये थांबून, वर यायची आणि दार ढकलताच म्हणायची, "सुजे, पाणी दे." आज्ञा करायची. मला ते इतकं आवडायचं, की कधीकधी मी मुद्दाम उशीर करायचे, म्हणजे ती पुन्हा म्हणेल.

ती सुरकुतली, वाकली, तिचे दोन दात गेले. ती सुंदर दिसायची असं लिहिण्याचा मोह होतो, पण ते ती ऐकून हसली असती. ती म्हातारी दिसायची आणि तिला बरं वाटायचं, एवढंच खरं आहे. म्हणून या सहा आठवड्यांत मी रडले, तरी मला आतून हायसं वाटत राहिलं. ती अर्धवट, कुणा सात वर्षांनी लहान बाईच्या नावाने गेली नाही. सगळं वय घेऊन गेली. आणि जाताना माझं धाकटेपण माझ्याकडे ठेवून गेली.

रविवारची सकाळ पूर्वी मागच्या खोलीतल्या रंगाची होती. या नऊ वर्षांत ती तेलाची झाली. ताई मला पार्लरच्या खुर्चीत बसवायची, डोक्यावर तेल थापायची आणि मी तिला वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवायचे. आता तिच्याकडे चष्मा होता, तरी वाचायचं मीच. ती उंच, तिला वाकवत नसे, म्हणून खुर्ची नेहमी वर चढवलेली. पाय ठेवायची पट्टी केव्हाच तुटून गेली आहे.

आरसा मिलिंदने उतरवून पार्लरमधल्या एका मुलीला दिला, तिने स्वतःचं दुकान काढलं आहे. खुर्ची मी ठेवून घेतली. गेल्या रविवारी मी तेल न लावताच तिच्यात चढून बसले आणि पुस्तक उघडलं. मिलिंद आला होता, म्हणाला, "मावशी, फारच उंच आहे. खाली करून देऊ का?" खुर्ची खाली घ्यायचा दांडा मागच्या बाजूला, अगदी तळाशी आहे. बसलेल्याचा पाय तिथवर पोचत नाही. तो दांडा मागे उभ्या असलेल्या माणसानेच दाबायचा असतो. मी म्हटलं, राहू दे. तो चहा ठेवायला आत गेला. माझे पाय जमिनीपासून चार बोटं वर लोंबत होते... मी पान उलटलं आणि सवयीने मोठ्याने वाचायला लागले.