मावशीचं आलं

आलं हातात घेतलं की मावशी आधी त्याचे डोळे शोधायची. धसईच्या बाजारात भाजीवाल्याच्या ढिगातून एकेक गड्डा उचलायचा, अंगठ्याने चाचपायचा आणि कोंब फुटायची जागा दिसली नाही तर परत टाकायचा. "हा आंधळा हाय. चहात घाल."

भाजीवाला वैतागायचा. "मावशे, आलं घेतेस का जावई शोधतेस?"

"जावाय इतका बघून घेतला असता तं बरं झालं असतं."

तुमच्यापैकी जे आमच्या शाळेत शिकले, त्यांना मावशी आठवत असेल. पाणी भरणं, झाडलोट, मास्तरांचा चहा, सगळं तिच्याकडे. शाळेच्या मागच्या भिंतीलगत खताची रिकामी पोती ती ओळीने मांडायची आणि त्यांतून आल्याची हिरवी पात वर यायची. चहातलं आलं तिथलंच.

मी विज्ञान शिकवायचो. बाजारचं आलं घरी रुजतं हे मला पुस्तकातून ठाऊक होतं, म्हणून तिला न विचारता दोन वर्षं लावलं. दोन्ही वेळा कुजलं. तिसऱ्या वर्षी ती घरी आली, कुंडीत बोट खुपसलं आणि म्हणाली, "गुर्जी, किती पाजता? आलं हाय ते, म्हैस नाय."

मग तिने शिकवलं. वैशाखात टणक, जाड गड्डा आणायचा. दोन-दोन डोळे राहतील असे तुकडे करायचे. कापलेल्या जागी राख लावून ते दोन दिवस सावलीत सुकवायचे. पोत्यात माती, शेणखत, भाताचा तूस. डोळा वर, दोन बोटं खोल, वरून सागाचा पाला.

"आन मंग इसरायचं," ती म्हणायची. "रोज उकरून बघाल तं ते लाजतं."

त्या वर्षी माझं पोतं गच्च भरलं. पौषात तालुक्याला प्रदर्शन होतं, मी नाव दिलं. एसटीपर्यंत पोतं तिनेच डोक्यावर आणलं. परीक्षकांनी विचारलं, "वर पाला कशासाठी?" मी ओलाव्याबद्दल काहीतरी बोलू लागलो आणि अडखळलो. मागून मावशी म्हणाली, "पावसाच्या धारेनं माती उडते सायब. आलं उघडं पडतं."

परीक्षक खूश झाले. "वा गुरुजी, बाईंनाही चांगलं तयार केलंत."

मी म्हणालो, "हो."

एवढंच. शाल माझ्या खांद्यावर आली, प्रमाणपत्र शाळेच्या ऑफिसात लागलं. परतताना मी एसटीच्या खिडकीबाहेर बघत बसलो होतो. ती म्हणाली, "गुर्जी, फुडल्या साली पोतं तुमीच उचला." आणि हसली. दुसऱ्या दिवशी माझ्या चहात आलं नेहमीइतकंच होतं. त्या विषयावर ती पुन्हा कधी बोलली नाही. मीही नाही.

गेल्या श्रावणात ती गेली. मला उशिरा कळलं. वैशाखरे गावाजवळच्या तिच्या वाडीवर गेलो आणि तिच्या मुलाला सगळं सांगितलं. ती शाल तिची होती, मी खोटं बोललो होतो. पडवीत चार शेजारी बसले होते, त्यांच्यासमोरच सांगितलं.

मुलगा म्हणाला, "गुर्जी, हा तुमचा मोठेपणा. आई तं सगळ्यांना सांगायची, मला गुर्जींनी शिकवलं."

मी पुन्हा सांगितलं, शपथ घेतली. मी जितकं बोलत गेलो, तितक्या त्यांच्या माना आदराने हलत राहिल्या. एक म्हातारी सुनेला म्हणाली, "बघ गो, एवढा शिकलेला मानूस, पन गर्व नाय." माझं खोटं मावशीने इतकं नीट सांभाळलं होतं की आता माझं खरं कोणी ऐकून घेईना.

वाडीत दारोदारी पोती आहेत. निघताना त्या सुनेने पिशवीभर आलं माझ्या हातात दिलं. "घ्या, तुमचंच हाय. आमी त्याला गुर्जींचं आलं बोलतो."

तोंडी सांगून पटलं नाही, म्हणून हे लिहून देतो आहे. वाडीवरच्या कोणाच्या हाती पडलं, तर पडवीत बसून मोठ्याने वाचावं. ते आलं मावशीचं आहे. मला तिने शिकवलं.