खाऱ्या भाताचं बी

आमच्या मळ्याला खाडीचं पाणी लागलं त्या वर्षी मी पुण्यातली नोकरी गावच्या घरातून करत होते. श्रावणातल्या उधाणात बांध फुटला आणि पाकिटातल्या बियाण्याचं हिरवंगार भात बघता बघता कागदासारखं पांढरं पडलं. माझे काका बांधावर नुसते उभे राहिले. कोळंबीची तळी करणारे लोक मळा मागतच होते.

"खाऱ्यात उभा रवणारा बी गावला नाय, तर देऊन टाकतंय मळो," काका म्हणाले.

पूर्वी इथे खाऱ्या पाण्यात तग धरणारं लाल भात व्हायचं. सगळ्यांनी जास्त पिकणारं बी आणलं, आणि लाल भात कधी संपलं ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. सगळं जग थोड्याच जातींच्या धान्यावर जगतं, बाकीच्या गुपचूप नाहीशा होतात, असं मी कॉलेजात वाचलं होतं. वाचताना दूरचे देश डोळ्यांसमोर आले होते. आमचा मळा आला नव्हता.

ते भात एकाच ठिकाणी उरलं होतं. खाडीच्या वळणावर एका एकट्या म्हातारीचा तुकडा होता. ती गेल्यावर तिथे कुणी नांगर घातला नाही, तरी दरवर्षी भात उगवायचं. कापायला कुणी जात नसे. बी मागून, देणाऱ्याच्या हातूनच घ्यायचं, अशी आमच्याकडची रीत. देणारं माणूसच उरलं नसेल, तर जागा राखणाऱ्या देवाला, राखणदाराला, गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे मोठ्याने मागणं मांडायचं. ते एकट्याने होत नाही. एकाने मागायचं, दुसऱ्याने मोठ्याने 'व्हय म्हाराजा' म्हणायचं.

"तू चल माझ्यावांगडा," काका मला म्हणाले.

"मी? काकी येईल ना."

"तिचो गुडघो दुखता. तुझी काय जीभ दुखता गो?"

"मला नाही जमणार ते."

"मग इंग्लिशीत म्हण. राखणदार शिकलेलो आसा."

काकी आतून हसली. मी गेले.

उन्हं कलली होती. वारा अजिबात नव्हता. भात कमरेएवढं वाढलेलं, लालसर, लांब काळ्या कुसळांचं. आपोआप पडलेलं बी कसंही उगवतं. हे ओळीत उभं होतं, मध्ये सारखं अंतर राखून, लावणी केल्यासारखं. तण एकही नव्हतं. मी काकांकडे पाहिलं. ते खाली बसून नारळ ठेवत होते आणि त्या ओळींकडे मुद्दाम बघत नव्हते.

"बा देवा म्हाराजा," त्यांनी सुरुवात केली, "माझ्या मळ्याक खारा पाणी लागला, बी रवला नाय. तुझ्यातला मूठभर नेतंय. पिकल्यावर तुझो वाटो तुका मिळतलो. नेऊचो हुकूम दी रे म्हाराजा."

शाळेत वर्गात उभं केलं की व्हायचं तसंच झालं. मी तोंड उघडलं, आवाज आला नाही.

"व्हय म्हाराजा."

ते भाताच्या आतून आलं. बाईचा आवाज. कामात असताना मान वर न करता द्यावा तसा.

"बरा म्हटलंस," काका विळा काढत म्हणाले. "असोच आवाज काढीत जा."

खरं सांगितलं असतं तर ते रिकाम्या हाताने परतले असते आणि मळा गेला असता. मी लोंब्या घ्यायला ओंजळ पुढे केली. लोंब्या ऊबदार होत्या.

पुढच्या पावसात उधाण पुन्हा आत आलं. पाणी ओसरलं तेव्हा मळ्याच्या एका कोपऱ्यात लावलेलं ते भात चिखलाने माखलेलं, पण हिरवं होतं. तळीवाल्यांना काकांनी नाही म्हणून कळवलं. कापणी झाल्यावर आम्ही राखणदाराचा वाटा घेऊन त्या तुकड्यावर गेलो. तिथे काहीच उगवलं नव्हतं. नुसता गुळगुळीत, काळा चिखल, ज्यावर खेकड्याचं बीळसुद्धा नव्हतं. आता ते भात फक्त आमच्याकडे उरलं होतं.

घरी येताच काकांनी सूपभर बी घेतलं आणि शेजारणीला हाक मारली.

"मी मागूक नाय, तरी देतास?" ती म्हणाली.

"मगे आता माग," काका म्हणाले.